शुक्रवारची लादी

अन्वर, तुझा व्हिसा आला.

रविवारी सकाळी मस्कतचं व्हिसा ऑफिस उघडायच्या आधीच मी दाराशी उभा होतो. काउंटरवरच्या ओमानी मुलीने पावती घेतली, आतून एक पाकीट आणलं, आपल्या दोघांचे पासपोर्ट उघडून बघितले आणि हसून म्हणाली, "मबरूक! बोथ ॲप्रूव्ह्ड." अभिनंदन केलं तिने माझं. तुला जाऊन तेव्हा अडीच दिवस झाले होते आणि तू इस्पितळाच्या शवागारात होतास. आणि मी तिला काय म्हणालो असेन? "थँक यू" म्हणालो. तोंडातून आपोआप निघालं. मग मी तिला सांगितलं की यातला एक माणूस गुरुवारी वारला, त्याला पुरायला परवानगी लागते, त्यासाठी मला हा पासपोर्ट हवा होता. ती खुर्चीतून उठून उभी राहिली. तिने तुझा फोटो पुन्हा एकदा उघडून बघितला, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली आणि दोन्ही हातांनी पासपोर्ट माझ्याकडे दिला.

मला अजून पटत नाही. हे लिहितोय, तरी पटत नाही. अधूनमधून वाटतं, तू घलाच्या कारखान्यात कान झाकून मशीन चालवतो आहेस, म्हणून फोन उचलत नाहीस.

गुरुवारी पावणेबाराला आपण फोनवर भांडलो. अडीच वाजता सलीमचा फोन आला. तुझा पॉलिशवाला सलीम, जो मला वर्षातून एकदा ईदला फोन करतो, तो. "सुर्वेभाई, अन्वरभाई बैठे बैठे गिर गए." मी विचारलं, "लगा क्या?" मला वाटलं, घसरलास. दगड कापायच्या कारखान्यात सगळीकडे पाणी, आणि तू त्या पाण्यात चपला घालून फिरणारा. रुवीतल्या ऑफिसातून टॅक्सीने घलाला येईपर्यंत मी तुझ्यावर चिडलेलो होतो. पुढच्या महिन्यात इटलीत रोज दहा-बारा किलोमीटर चालायचं आणि हा आत्ताच पाय मोडून बसला, आता सगळं बुकिंग बदला, असं माझं मनातल्या मनात चाललं होतं. तिथून मला इस्पितळात पाठवलं. डॉक्टरने मला "तुम्ही भाऊ का?" असं विचारलं, तेव्हा मी "नाही, रूममेट" म्हणालो. एकवीस वर्षं झाली आपली ती खोली सुटून, पण मला दुसरं काही सुचलं नाही. डॉक्टर म्हणाला, हार्ट. आणल्यावर काही करता आलं नाही. मी म्हणालो, "पण आत्ता तर बोलला माझ्याशी." असं डॉक्टरला सांगून काय होणार होतं?

आणि मग सुरू झाला तो सुट्ट्यांचा खेळ, ज्यावरून आपण दोन महिने भांडत होतो. इथला आठवडा गुरुवारी संपतो. शुक्रवार-शनिवार सगळं बंद. तुला पुरायला कागद हवे होते, कागदांना मूळ पासपोर्ट हवा होता, आणि पासपोर्ट इटलीच्या अर्जासोबत बंद ऑफिसच्या कपाटात. तुमच्यात माणसाला असं ताटकळत ठेवत नाहीत, हे मला कोणी सांगायला नको होतं. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजला तुझ्या मशिदीत सगळे जमले होते. तिथेच जनाजा झाला असता, शे-दोनशे माणसं खांदा द्यायला उभी होती. ती येऊन मला विचारून गेली, "सुर्वेभाई, कब?" मी म्हणत होतो, "संडे." अर्ज लवकर टाकण्याची घाई माझी होती. तू म्हणाला होतास, "सुर्व्या, हा व्हिलाचा जिना होऊं दे, मग देऊया पासपोर्ट." मी ऐकलं नाही. ऐन वेळी धावपळ नको, असं म्हणालो होतो.

भाभींना फोन मीच केला. जयगडच्या खाडीवर तुझं घर, तिथे नेटवर्क मिळायला अंगणात यावं लागतं. त्या अंगणात येईपर्यंत मी थांबलो आणि मग सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन करून सांगितलं की इकडेच दफन करा, पोरगा निघालाय, पोचेल. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, एक सांगा. सारखं इटली इटली करत होते. त्यांना तिथं काय बघायचं होतं एवढं?"

मला खरं सांगता आलं नाही, अन्वर. तुला काय बघायचं होतं ते जगात फक्त मला ठाऊक होतं, आणि तेच मी पावणेबाराला कापून टाकलं होतं. मी म्हणालो, "बरंच काही होतं, भाभी."

तुला आठवतं ना, हमरियाची ती खोली? सहा माणसं, तीन दुमजली खाटा, तू खाली आणि मी वर. तू कारखान्यातून लाकडी खोक्याच्या फळ्या आणल्या होत्यास आणि भिंतीला ठोकून आपल्या दोघांसाठी एक फडताळ केलं होतंस. फळीवर काळ्या शाईत ठसा होता. तू मला विचारलंस, "काय लिवलंय?" मी वाचलं, "कर्रारा." तू म्हणालास, "हे कुणाचं नाव?" मला तरी कुठे माहीत होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारून आलो की गाव आहे, इटलीत, तिथला डोंगर आतून पांढरा आहे आणि हजारो वर्षं कापतायत तरी संपत नाही. मग त्या खोलीत होतो तोवर त्या फळीवर तू मीठ-मसाल्याचे डबे कधी ठेवू दिले नाहीस. डाग पडतील म्हणायचास. खोक्याच्या लाकडाला!

अठ्ठावीस वर्षं तू त्या डोंगराचे तुकडे इथल्या लोकांच्या घरात बसवलेस. दिवाणखाने, जिने, नमाजाआधी हातपाय धुवायच्या वुजूच्या जागा. मी ड्रॉइंग काढायचो, तू कापायचास. माझ्या एका ड्रॉइंगमध्ये एक पायरी कमी पडली होती, ती गोष्ट आठवते का? सगळा दगड कापून तयार, आणि जिना वर पोचेचना. अर्बाब, म्हणजे आपला मालक, समोर उभा, लाल झालेला. तू पुढे होऊन म्हणालास, "मेरा कटिंग गलत हुआ." दोन रात्री बसून तू उरलेल्या तुकड्यांतून अशी पायरी जुळवलीस की दगडातल्या रेषा खालून वरपर्यंत सलग गेल्या. अर्बाबने तुला महिनाभर बोल लावले. मी गप्प राहिलो. माझी नोकरी नवी होती, लग्न ठरलेलं होतं. तू तो विषय कधी काढला नाहीस आणि मीही कधी काढला नाही. 'आभारी आहे' हे शब्द मी तुला एकदाही म्हटले नाहीत. तू ते हसण्यावारी नेले असतेस, पण म्हणायला हवे होते.

इटलीचं खूळ दोन महिन्यांपूर्वी निघालं. भाभींना होडीत बसलं तरी मळमळतं आणि माझी बायको म्हणाली, "तुम्ही दोघे म्हातारे जाऊन या, मला चालवत नाही." मी लगेच लॅपटॉपवर तक्ता केला. रोम, फ्लोरेन्स, समुद्राकाठची ती कड्यांवरची पाच गावं, व्हेनिस. तू तक्ता बघितलास आणि म्हणालास, "असं नाय समजत मला. मांडून बघू."

तुमच्या धंद्याची ती रीतच. दगड कधी एकदम चिकटवायचा नाही. आधी सगळ्या लाद्या सिमेंटच्या मसाल्याशिवाय जमिनीवर मांडायच्या, लांबून बघायच्या, अदलाबदल करायची, मनासारखं जुळलं की पाठीवर पिवळ्या खडूने नंबर टाकायचा. जो तुकडा नको असेल त्याच्या पाठीवर फुली मारायची. "मसाला लागला की खलास," असं तू नव्या कारागिरांना सांगायचास. तर तू कारखान्याच्या मागच्या कोपऱ्यात पांढऱ्या दगडाचे अकरा हातभर तुकडे मांडलेस. एक तुकडा म्हणजे एक दिवस. प्रत्येकावर खडूने गावाचं नाव. आणि दर गुरुवारी संध्याकाळी आपण दोघे पन्नाशी उलटलेले बाप्ये त्या लाद्यांभोवती उकिडवे बसून इटली इकडची तिकडे सरकवत होतो. सलीम चहा आणून द्यायचा आणि म्हणायचा, "आज किधर पहुँचे?" इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

पहिल्याच गुरुवारी माझ्या लक्षात आलं की तुझी एक लादी कोरी आहे. सहाव्या लादीवर 'कर्रारा', आठवीवर 'पाच गावं', आणि मधली सातवी कोरी.

"ही कोणती?"

"शुक्रवार हाय."

"मग?"

"मग काय? सुट्टी. शुक्रवारी काय करायचं नाय. जुम्मा करायचा, जेवायचं, झोपायचं."

मी डोक्याला हात लावला. "अन्वर, तिकडे शुक्रवारी सुट्टी नसते. तिकडे रविवारी असते."

"रविवारी?" तुला खरंच धक्का बसला होता. अठ्ठावीस वर्षांत तू विसरूनच गेला होतास की जगात रविवारची सुट्टी असते. आणि मी तरी कुठला शहाणा? पाच गावांतून व्हेनिसला जायचा सगळ्यात लांबचा प्रवास, तीन गाड्या बदलून, माझ्या तक्त्यातही रविवारीच होता, आठवड्याचा पहिला कामाचा दिवस समजून. रविवारी गाड्या कमी, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. ही चूक मस्कतमध्येच होऊ शकते. रविवार सरळ करायला एक दिवस कमी करणं भाग होतं. मी म्हणालो, शुक्रवार दे. तू म्हणालास, "तिकडे सुट्टी असेल नायतर नसेल, माझी हाय." मी म्हणालो, मग कर्रारा दे. तू उठून चहा प्यायला गेलास.

व्हिसाच्या अर्जाला रोजचा कार्यक्रम जोडायचा होता. मी शुक्रवारपुढे 'गावातून फेरफटका' टाइप केलं. तू वाचायला लावलंस आणि म्हणालास, "खोटं नको लिवू. अर्जावर माझी सही हाय." शेवटी मी लिहिलं, 'शुक्रवार : विश्रांती.' आणि एकमेकांचे पासपोर्ट एकमेकांनी आणायचं पत्र तू सही करून दिलंस, वर म्हणालास, "घे, माझा सगळा कारभार तुझ्या हातात." त्याच पत्रावर मला रविवारी तुझा पासपोर्ट मिळाला.

काउंटरवर त्यांनी तुला विचारलं होतं, इटलीच का? मी तुला उत्तर पाठ करून दिलं होतं, कला, इतिहास, संस्कृती. तू ते सगळं विसरलास आणि तुझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणालास, "अठ्ठावीस वर्षं त्याला हात लावतोय. तो कुठून येतो ते बघायचंय." बाहेर आल्यावर मी तुझ्यावर ओरडलो, आता रिजेक्ट करतील म्हणून. तुझ्या त्या वाक्यावरच दिला असेल त्यांनी व्हिसा. माझ्या कला-संस्कृतीवर नक्कीच नाही.

आणि मग गुरुवार. मी फोन केला तो व्हेनिसच्या हॉटेलचं पक्कं करायला. मला तिथे दोन रात्री हव्या होत्या. सांगतो का ते, आता लपवून काय उपयोग. मला पाण्यावरचं शहर बघायचं होतं, तिथल्या एखाद्या चौकात कॉफी घेऊन बसायचं होतं, आणि फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचे होते. एवढंच. मी म्हणालो, "कर्राराचा दिवस कापतोय मी. आयुष्यभर दगडच बघितले ना रे? सुट्टीतही दगडच बघायचे?"

तू म्हणालास, "एकच दिवस हाय, सुर्व्या."

आणि मी म्हणालो, "डोंगर बघायचा तर इब्रीला जा. तिकडेही संगमरवराच्या खाणी आहेत. गाडीने तीन तास. त्याला व्हिसा लागत नाही."

तू हसला नाहीस. एरवी माझ्या टोमण्याला तुझं उत्तर तयार असतं. मग म्हणालास, "बरं. बघतो मांडून." आणि फोन ठेवलास. नीट राग तरी काढायचास. शिव्या घालायच्यास. 'बरं' काय म्हणायचं?

रविवारी व्हिसा ऑफिसमधून मी आपल्या एम्बसीत गेलो. तिथल्या माणसाने कागद तपासले, तुझ्या पासपोर्टवर रद्दचा शिक्का मारला आणि मोठ्या कात्रीने कोपरा कापला. मी म्हणालो, "आतल्या पानावर व्हिसा आहे. आजच मिळालाय." त्याने वर बघितलं. मलाही माहीत नव्हतं की मी हे का सांगतोय. तुझं वापरायचं राहिलेलं काहीतरी तो कापत होता, एवढंच मला दिसत होतं. कोपरा कापताना व्हिसाचं पानही थोडं गेलं.

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर तुला पोचवलं. तुझा पोरगा आला होता, तुझ्यासारखाच उभा राहतो, एका पायावर भार देऊन. त्याने मला हाताला धरून पुढे नेलं आणि माती टाकायला लावली. आमच्याकडे काय रीत आहे, तुमच्याकडे काय आहे, मला त्या वेळी काही आठवत नव्हतं. तीन मुठी टाकल्या. डोक्याशी त्यांनी एक साधा, न घडवलेला धोंडा रोवला. पॉलिश नाही, नंबर नाही. मी सलीमकडे बघितलं, तो रडत होता. तू असतास तर म्हणाला असतास की दगड चांगला आहे, पण जरा डावीकडे झुकलाय.

आज बुधवार. तुझा डबा, चष्मा आणि कपडे न्यायला मी कारखान्यात गेलो. मशीन बंद होती. मागच्या कोपऱ्यात जायचं नाही असं ठरवून गेलो होतो, पण सलीमच म्हणाला, "आपका इटली वैसे ही रखा है. किसी को हाथ नहीं लगाने दिया." मग म्हणाला की गुरुवारी माझा फोन झाल्यावर तू हात धुऊन तिकडे गेलास, जेवलाही नाहीस, लाद्या सरकवत बसलास. मग खोक्यावर टेकलास आणि तिथूनच पडलास.

मी जाऊन बघितलं. दहा लाद्या रांगेत होत्या. कोरी सोडून पुढचे सगळे दिवस तू अलीकडे ओढले होतेस. व्हेनिस दोन होती. दुसऱ्या व्हेनिसवरचा खडू ताजा होता, हात लावला तर बोटाला लागला. कोरी लादी तुझ्या शुक्रवारी जागच्या जागी होती. आणि 'कर्रारा' रांगेत नव्हती. ती भिंतीला टेकवून ठेवली होतीस, तोंड भिंतीकडे करून.

म्हणजे तू दिलास तो दिवस. मला. मी बसलो तिथेच खाली, पाण्यात. सलीम म्हणत होता, कपडे भिजतील. अठ्ठावीस वर्षांत तू स्वतःसाठी मागितलेला तेवढा एकच दिवस होता, आणि तोही पुन्हा पायरीसारखा तूच भरून दिलास. मला तुझा भयंकर राग आला, अन्वर. आणि माझा त्याहून जास्त.

बऱ्याच वेळाने मी ती लादी उचलली. तिची पाठ माझ्याकडे होती. आधी काही कळलं नाही, मग कळलं. पाठीवर फुली नव्हती.

नको असलेल्या तुकड्यावर तू फुली मारल्याशिवाय राहत नाहीस. मी तुला वर्षानुवर्षं बघितलंय, खडू कानावर आणि फुली आधी. ही तू बाजूला ठेवली होतीस, टाकली नव्हतीस. म्हणजे संध्याकाळी मी आलो असतो तेव्हा तू पुन्हा भांडणार होतास. म्हणजे आपलं भांडण संपलेलं नव्हतं.

मी तिथूनच भाभींना फोन केला. त्या अंगणात येईपर्यंत थांबलो. म्हणालो, "भाभी, तुम्ही विचारलं होतं ना. त्यांना तिथं एक डोंगर बघायचा होता. पांढरा. त्यांनी बसवलेला सगळा दगड तिथला." त्या म्हणाल्या, "डोंगर?" आणि मग हळूच हसल्या, गुरुवारपासून पहिल्यांदा असेल. म्हणाल्या, "मग बघून या तुम्ही. आणि मला सांगा, कसा हाय."

त्यानंतर मी लाद्या सरकवल्या. एक व्हेनिस उचलली, पाठीवर फुली मारली. आणि कर्रारा तुझ्या कोऱ्या लादीवर ठेवली, शुक्रवारी. तुझा नियम मोडलेला नाही, अन्वर. तिथे गेल्यावर मी खाणीत उतरणार नाही, फोटो काढणार नाही, कुठे फिरणार नाही. शुक्रवारी काय करायचं नाय. नुसता तुझ्या डोंगरासमोर बसून राहीन.